माथा कोणी राखला?

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका शब्दामुळे.

पन्नासच्या दशकात मी आर्वीला ठाणेदार होतो. कपाशीच्या हंगामात सरकी काढायच्या जिनच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि नंबर येईपर्यंत गाडीवान पत्ते कुटत बसायचे. एके दिवशी चौकीदाराने खबर दिली, की एक गाडीवान बैलजोडी पत्त्यांत हरला. जिंकला जिनचाच मापारी.

गाडीवानाला बोलावलं. जुगाराचा गुन्हा अंगावर येईल म्हणून तो आधी 'खेळलोच नाई' म्हणत राहिला. मग म्हणाला, "बैल गेले तं गाडी काय मी ओढू, साहेब? पत्ते त्या जादूगारानं पिसले होते. तो खेयत नव्हता, म्हनून त्याच्याच हाती देले."

आठवडी बाजारात पत्त्यांचे खेळ करणारा तो फिरस्ता. दुसरा कोण असणार? कोठडीत घातला. तो एकच सांगे, "मी सरळ पिसले. मंग मापारी म्हने, एक हात माहा, अन् त्यानंही पिसले." पण त्या वेळी बाकीचे बिड्या पेटवण्यात गुंग, पाहिलं कोणीच नाही.

"खोटं पिसतात तरी कसं?" मी विचारलं.

"नावं सांगतो साहेब, कसब नाई. गुरूले शब्द देल्ला हाय."

पिसल्याचा देखावा करून सगळे पत्ते जसेच्या तसे ठेवले, की 'अख्खा राखणं'. नुसते वरचे जागेवर ठेवले, की 'माथा राखणं'. खालचे ठेवले, तर 'बूड राखणं'. ही बोली त्यांच्या मंडळीतली. बाहेरचा माणूस फार तर 'पत्ते लावले' म्हणेल.

दुपारी मापाऱ्याचा जबाब घेतला. माणूस मोठा गोडबोल्या. पत्त्यांना आपण हातही लावला नाही म्हणाला.

"मग जादूगारानं केलं तरी काय?"

"काय करन साहेब, माथा राखला असन."

माझी लेखणी थांबली. हा शब्द कुठे शिकलास, एवढंच विचारलं आणि पत्त्यांचा कॅट त्याच्या हातात दिला. "पिस." त्याने कॅट तसाच टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं. जत्रेतल्या एका खेळवाल्याबरोबर तो पूर्वी हिंडला होता.

बैल परत मिळाले. जुगाराचा गुन्हा गाडीवानावरही लागलाच, तिथे माझा इलाज नव्हता. जादूगार सुटला, पण जाताना म्हणाला, "साहेब, आता माह्या हातचे पत्ते कोन पाहीन?" मला वाईट वाटलं.

पुढच्या बाजारात त्याने चादर अंथरली. लोक लांबूनच 'हाच तो' म्हणत पुढे जात होते. तेवढ्यात तो गाडीवान आला, बैल कडुनिंबाला बांधले आणि चादरीसमोर मांडी घालून बसला.

"पिस बुवा," तो म्हणाला, "मी पाहून राह्यलो."

हळूहळू माणसं बसली. कोठडीचं कुलूप पोलिसाला काढता येतं. संशय मात्र ज्याने घेतला, त्यालाच येऊन काढावा लागतो, हे मी त्या बाजारात शिकलो.