खाडीत राहिलेली चप्पल
काल माळ्यावर मायची एकाच पायाची चप्पल सापडली, बक्कलावर अजून मिठाचा पांढरा थर. चाकूरजवळच्या आमच्या गावाहून मी, माय आणि आबा पहिल्यांदाच समुद्र बघायला कोकणातल्या एका लहानशा गावी गेलो होतो. आमच्याकडं गाडी नव्हती, भर दुपारी रिक्षाही मिळेना, आणि लॉज तर खाडीच्या पलीकडं समोरच दिसत होता. पुलावरून तासाभराची पायपीट होती. आबा म्हणाले, "पुलावरून कशाला? घरी नदी ओलांडतो तसं पात्रातून जाऊ." खाडी खरंच कोरडी पडली होती, नुसता चिखल आणि खेकड्यांची बिळं. अर्ध्यात पोचलो अन् घोट्याला गार लागलं. बघता बघता पाणी गुडघ्याला आलं, तेही समुद्राकडून उलटं चढत. आबांनी आभाळाकडं पाहिलं. एकही ढग नव्हता. "पाऊस न्हाई, मग हे कुठून यायलंय?" त्यांचा असा चिरका आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागच्या काठावर शिंपले वेचणारी बाई ओरडली, "भरती आली! मागे फिरा!" आम्ही वळलो, तर मायचा पाय चिखलात रुतला. पाणी तिच्या कमरेला लागलं. आम्ही दोघांनी काखेत धरून तिला ओढलं. पाय निघाला, चप्पल राहिली. काठावर आल्यावरही ती किती तरी वेळ माझा हात सोडेना. आता मे महिन्यात आमची नदी ठणठणीत कोरडी असते. तरी ती ओलांडताना आबा मधोमध थांबून मागं बघतात, आणि मी त्यांना हसत नाही, कारण तोवर माझ्या चपला हातात आलेल्या असतात.