पासबुवांची फायरवॉल

पासबुवांचं खरं नाव कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर ते बुवांच्याही फारसं उपयोगाचं राहिलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकाशेजारच्या टीचभर खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा आणि वस्तूचा पास लिहिला. पास नाही तर प्रवेश नाही, मग समोर कोणी का असेना. एकदा मागच्या गोदामाला आग लागली, बंब घणघणत फाटकाशी आला, आणि बुवांनी खिडकीतून विचारलं, "एकूण माणसं किती? एकेकाने नाव सांगा." नावं लिहून होईस्तोवर अर्धं गोदाम गेलं. साहेबांनी पत्र दिलं. ते पत्र बुवांनी अजून जपून ठेवलंय, कारण त्याची सुरुवात 'आपल्या काटेकोरपणामुळे' अशी आहे. पुढचं ते वाचत नाहीत.

आता असल्या माणसाला घरी बसवल्यावर तो काय करणार, तुम्हीच सांगा! सहा महिने त्यांनी दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला आणि बायकोच्या सख्ख्या भावाला दारात उभं करून छळलं. मग लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांना फायरवॉल सापडली आणि बुवा पुन्हा कामावर रुजू झाले.

फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी. बाहेरून कोणी आत शिरायला लागलं, की आतला कोणी बाहेर निघाला, की पडद्यावर चौकट उगवते: अमुक आलाय, येऊ देऊ की अडवू? त्याखाली एक बारीक चौकोन असतो, 'हे उत्तर कायम लक्षात ठेवा'. त्यात खूण केली की पुन्हा विचारणं नाही. बुवा त्या चौकोनावर फिदाच झाले. त्याच त्या माणसांना रोज तेच ते विचारून त्यांचा जन्म गेला होता. इथे एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

त्यांनी प्रिंटर अडवला. हवामान सांगणारा अडवला. एक दिवस खुद्द फायरवॉलनेच स्वतःची नवी आवृत्ती आणायला बाहेर जाण्याची परवानगी मागितली. "घरची म्हणून सवलत नाही," असं म्हणत बुवांनी तिलाही अडवलं. रोज संध्याकाळी ते अडवलेल्यांची यादी वहीत लाल शाईने उतरवून काढत. उतरवून काढत, वाचत नसत. ती त्यांची जुनी खोड.

"अहो, सगळंच अडवायचं तर हा कॉम्प्युटर चालू कशाला ठेवता?" बायकोने विचारलं. ती शिवणाचा क्लास घ्यायची आणि तिला बोलायला फारसा वेळ नसायचा, म्हणून ती नेमकं बोलायची.

"राखायला," बुवा म्हणाले.

आता मूळ दुखणं सांगतो. या कॉम्प्युटरची मालकीण, म्हणजे बुवांची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बापाला तिने विचारलं नाही, नुसतं सांगितलं. बुवांचा पारा चढला. "मला न विचारता गेलीस ना? मग आता मला विचारल्याशिवाय या घरात यायचं नाही!" लेकही त्यांचीच. आली नाही. तिला मुलगी झाली, मुलगी तीन महिन्यांची झाली, तरी आजोबांनी नातीचा फोटोसुद्धा बघितला नव्हता. म्हणजे रोज बायको आंघोळीला गेली की तिच्या फोनवर बघायचे, पण त्याची नोंद कुठे नाही.

शेवटी लेकीनेच आईकडून निरोप धाडला. "चार रविवार, सकाळी दहा वाजता, बाबांना कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल लावीन. त्यांच्याकडे बघून विचारीन, येऊ का म्हणून. उचलला तर बाळाला घेऊन येते. चौथ्यालाही उचलला नाही, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. तूही काढायचा नाहीस."

"बघू," असं तोंड वाकडं करून म्हणणारे बुवा पहिल्या रविवारी नऊ वाजल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. बायको क्लासला गेलेली, त्यामुळे चोरून कॅमेऱ्याची काचही पुसून घेतली. दहाच्या ठोक्याला चौकट उगवली. काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव, बाहेरून आत यायचंय, देऊ का? "आज नको रे बाबा, आज महत्त्वाचं काम आहे," असं पुटपुटत बुवांनी 'अडवा' दाबलं, चौकोनात खूण केली आणि लेकीच्या कॉलची वाट बघत बसले.

तो कसा येणार? कपाळ!

"का नाही उचललात?" बायको चपला काढता काढता म्हणाली. "अर्धा तास लावत होती पोरगी."

"वाजलाच नाही! ती लावते म्हणते आणि तू ऐकतेस."

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. लेक म्हणे बाबा मुद्दाम कट करतात, बाबा म्हणत पोरगी लावतच नाही. बायकोचा नवऱ्याशी छत्तीस वर्षांचा संसार होता, त्यामुळे तिने लेकीवर विश्वास ठेवला. घरात चहाचा कप आपटला जाऊ लागला.

चौथ्या रविवारी तिने क्लासला सुट्टी दिली आणि बाळाचं अर्धवट शिवलेलं झबलं घेऊन बुवांच्या शेजारी येऊन बसली. दहा वाजले. सव्वादहा झाले. कॉम्प्युटर ढिम्म. तिच्या डोळ्यात पाणी यायला लागलं, तसे बुवा अवघडले आणि काहीतरी बोलायचं म्हणून अडवलेल्यांची यादी उघडून बसले.

"हे बघ तरी. एक चोर आहे, महाचिवट. एक्याऐंशी वेळा आला महिन्याभरात. एक्याऐंशी वेळा हाकलला!"

"कधी येतो?" तिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"तीच तर गंमत. फक्त रविवारी. दहाला येतो नि साडेदहापर्यंत दार ठोठावतो. हा बघ, आत्तासुद्धा..."

पडद्यावर नवी ओळ उमटली. दहा अठ्ठावीस, अडवले.

बायकोचा हात थांबला. "अहो," ती म्हणाली, "रविवारी दहाला आपल्याकडे कोण येणार होतं?"

बुवांनी ती ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. मग घाईघाईने त्यांनी तो नियम शोधून काढला. फायरवॉलने विचारलं, 'हा नियम तुम्ही स्वतः केला आहे. नक्की बदलायचा?' त्यांनी होय दाबलं. दहा एकतीस. काहीच नाही. दहा बत्तीस. बायकोने झबलं घट्ट धरलं होतं. बुवा तर देवापुढे बसल्यासारखे हात जोडून बसले होते.

आणि वाजला.

पडद्यावर लेक आली. डोळे सुजलेले, खांद्यावर बाळ. "शेवटचा म्हणून लावला," ती म्हणाली. "का कट करत होता, बाबा?" मग बापाचं तोंड बघून तीच नरमली. "की त्या कॉम्प्युटरनेच अडवलं?"

सुटकेचा दरवाजा पोरीनेच उघडून दिला होता. चौतीस वर्षांत या माणसाने एकही चूक कबूल केली नव्हती, गोदाम गेलं तेव्हासुद्धा नाही.

"कॉम्प्युटरला काय कळतंय," बुवा म्हणाले. "मीच अडवलं. कायमचं म्हणून खूणही मीच केली."

लेकीला हुंदका आला. बाळ दचकून रडायला लागलं. तेवढ्यात तिने ठरवलेला प्रश्न विचारलाच, "मग... येऊ का?"

"अगं, विचारतेस काय!" बुवा जवळजवळ ओरडलेच. "ये ना."