रत्नपालचे म आणि न

आमच्या गल्लीतल्या रत्नपालचा आवाज सगळ्या हिंगोलीला ओळखीचा होता. ऑटोच्या टपावर भोंगा बांधून तो सर्कस, साड्यांचा सेल, सभा, पोलिओचे डोस असं सगळं गावाला सांगत फिरायचा. दसऱ्याच्या प्रदर्शनात माईकही त्याच्याकडेच असे.

रस्त्यावरच्या धुळीनं एकदा त्याचं नाक चोंदलं. मेडिकलमधून त्यानं नाकात टाकायचे थेंब आणले. नाक लगेच मोकळं झालं. सर्दी गेली, पण बाटली खिशातच राहिली. पुढं पुढं तर दर चौकात ऑटो थांबवून, मान मागं टाकून थेंब सोडल्याशिवाय त्याला बोलताच येईना.

१९९८ चा भादवा होता. माझी आकांक्षा तेव्हा चार महिन्यांची. तिचं नाक इतकं बंद झालं की दूध ओढताना ती गुदमरायची, दूध सोडून रडायची. रत्नपाल कुंपणावरून बाटली पुढं करत म्हणाला, "ताई, दोन थेंब टाका. पोरगी निवांत झोपते का न्हाई बघा."

माझा हात पुढं झाला नाही. "आधी डॉक्टर," मी म्हणाले. त्यानंच ऑटो काढला.

डॉक्टरांनी आकांक्षाला तपासलं आणि बाटली हातात घेतली. "हे मोठ्या माणसाचं औषध आहे. एवढ्या लेकराला टाकलं असतं तर जिवावर बेतलं असतं." तिच्यासाठी त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, दूध पाजण्याआधी टाकायला. मग रत्नपालकडं वळले. "तुम्ही किती दिवसांपासून टाकताय?"

"दिवस न्हाई साहेब, दोन वर्सं झाले."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, तीन दिवस, फार तर पाच! त्यापुढं थेंबांचा असर उतरला की नाक आतून जास्तच सुजतं. तुम्ही पुन्हा टाकता, ते पुन्हा सुजतं. तुमची सर्दी कधीच गेली. आता ही बाटलीच नाक बंद करून राहिली. आणि आपली बाटली दुसऱ्याच्या नाकाला लावायची नाही." त्यांनी त्याचं ब्लडप्रेशर पाहिलं, तेही वाढलेलं होतं. मग त्यांनी थेंबांची सवय सोडवायचा रस्ता सांगितला.

"आधी एका नाकपुडीत थेंब टाकणं बंद करा, मग दुसरीत. तसं सोपं जातं. हवं तर दसऱ्यानंतर सुरू करा."

"दसरा झाला की दिवाळी, मंग इलेक्शन. माईकवाल्याला मोकळा हप्ता कवा भेटतो साहेब?" रत्नपाल म्हणाला. "आन् अर्धं सोडणं आपल्याला जमत न्हाई. दोन्ही आजच बंद."

डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या औषधाचा फवारा लिहून दिला आणि बजावलं, "याचा गुण हळूहळू येईल. धीर धरा." बाटली रत्नपालनं तिथंच टोपलीत टाकली.

पुढचे दिवस वाईट गेले. तो उशा रचून बसल्या बसल्या झोपायचा, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचा. तोंडातून म आणि न पारच गेले होते. बायकोला, सपनाला, 'सपदा' म्हणून हाक मारी. ती म्हणायची, "दुसरी आनली का काय?" तो हसायचा, पण मेडिकलसमोरून जाताना ऑटो पळवायचा.

प्रदर्शन सुरू झालं तरी नाक उघडलं नव्हतं. 'दबस्कार बंडळी' ऐकून मैदान खदखदलं. कमिटीचे तातेराव खवळले. "दोन थेंब टाक, न्हाईतर माईक सोड. लोक हसून राहिले."

"थेंब न्हाई टाकत. माईकबी न्हाई सोडत," रत्नपाल म्हणाला. म्हणजे, म्हणाला तो 'दाही टाकत'. तातेरावही हसले, पण दुसऱ्या माईकवाल्याला निरोप धाडला.

तेवढ्यात कुणीतरी एक हरवलेली, रडती पोरगी स्टेजवर आणली. नाव विचारलं तर म्हणाली, "नाहिद." रत्नपालनं माईक तोंडाजवळ नेला आणि थांबला. 'दाहिद' पुकारलं असतं तर लोक हसले असते आणि तिची माणसं गर्दीत तशीच शोधत राहिली असती. मी आकांक्षाला घेऊन समोरच उभी होते. लेकरू हरवलेल्या त्या आईचं काय होत असेल, या विचारानंच मी लेकीला घट्ट धरलं.

त्यानं माईक खाली घेऊन पोरीला विचारलं, "बापाचं नाव काय? गाव कोणतं?" मग एकेक शब्द निवडत तो सावकाश बोलला, "आखाडा बाळापूरचे अजीज शेख! अजीज शेख! छोटी पोरगी, लाल फ्रॉक, पायात चाळ. आई असो, बाप असो, लगेच स्टेजकडे या!"

त्यात ना एक म होता, ना एक न. कुणी हसलं नाही. थोड्याच वेळात गर्दी सारत एक बाई आली आणि तिनं पोरीला असं कवटाळलं की माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

तातेरावांनी दुसऱ्या माणसाला परत पाठवलं.

बाकीचे दिवस रत्नपालनं तसेच काढले. 'सामान' ऐवजी 'पिशवी', 'दुकान' ऐवजी 'स्टॉल'. सपना शब्द सुचवायची, तो जिभेवर घोळवून बघायचा. प्रदर्शनाचे तंबू उतरले तेव्हा त्याची एक नाकपुडी मोकळी झाली होती. दुसरीला दिवाळी उजाडली.