'तपासले'ची रिकामी चौकट

रंगनाथ गायधनी सरांची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली नाही, आमच्या मखमलाबादच्या झेंडूच्या वावरात झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त होऊन सरांनी पंचवटीत दोन खोल्यांत ड्राफ्ट्समनचा वर्ग काढला होता. मी वडिलांना न विचारता मैत्रिणीकरवी तिथे नाव घातले, आणि वर्ग सुरू व्हायच्या आतच त्यांना ते कळले; त्यांनी मला घरीच ठेवले. मी आले नाही म्हणून तिसऱ्या दिवशी सर सायकल मारत वावरात हजर झाले. पायजम्याला चिमटा, काखेत कागदाची गुंडाळी.

वडील म्हणाले, "पोरगी दिवसभर उभी राहून रेघा मारणार. त्यात काय हाय?"

सरांनी वाद घातला नाही. बांधावर बसून त्यांनी आमच्या फुलांच्या पाटीची तीन चित्रे काढली: समोरून, वरून आणि बाजूने. डावीकडून पाटी कशी दिसते ते त्यांनी कागदावर उजव्या हाताला काढले. हे असे उलटे का, असे वडिलांनी विचारले. सरांनी सांगितले की आपल्याकडची पद्धत तशी आहे. अमेरिकेत डावीकडचे डावीकडेच काढतात. म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते, ती आधी पाहायची, नाहीतर डाव्याचे उजवे होऊन बसते. वडिलांचे लक्ष मात्र दुसरीकडेच लागले होते. पाटीचा एक कान तुटलेला होता, आणि सरांनी तो बरोबर त्याच बाजूला तुटका काढला होता. "ही माझीच पाटी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला वर्गावर सोडले.

आज मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिस सांभाळते ती त्या पाटीमुळे. त्यामुळे सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात माझा लेख असणे साहजिकच. पण ग्रंथाच्या समितीने लेख मागितला तेव्हा मी तो लिहायचे टाळत राहिले. का, ते पुढे सांगते.

सरांच्या वर्गातला एक नियम त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. प्रत्येक ड्रॉइंगखाली एक चौकट असायची. त्यात दोन ओळी: 'काढले' आणि 'तपासले'. सह्या दोन वेगळ्या माणसांच्या हव्यात. आपले आपण तपासायचे नाही, आणि 'तपासले'पुढे सही नसेल तर ड्रॉइंग खोलीबाहेर जायचे नाही. सरांनी स्वतः काढलेले ड्रॉइंगसुद्धा एकदा चार दिवस कपाटात पडून होते, कारण ते तपासणारी मुलगी तापाने आजारी होती. कारखान्याचा माणूस दोनदा येऊन चहा पिऊन परत गेला. सर ढिम्म हलले नाहीत.

दोन हजार सालानंतर सरांच्या घरी संगणक आला. भाच्याने त्यात एक सॉफ्टवेअर घालून दिले होते. अंतराळयान कसे उडवायचे, ते त्यात घरबसल्या करून बघता येते. पृथ्वी, चंद्र, ग्रह सगळे आपापल्या खऱ्या वेगाने फिरतात. खेळच तो, पण सरांसमोर खेळ म्हणायची सोय नव्हती. जगभरातले हौशी लोक त्यासाठी जुन्या-नव्या यानांची मॉडेल बनवत आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवत. सरांना हे कळले आणि सदुसष्टाव्या वर्षी त्यांना नवा उद्योग मिळाला. "हे तर आपलंच काम आहे," ते मला म्हणाले. चेहरा असा की जणू कुणी त्यांना पुन्हा कामावर रुजू करून घेतले.

बाकीचे लोक तयार साधने वापरून मॉडेल घडवत. सरांची रीत निराळी. आधी ड्रॉइंग बोर्डावर यान काढायचे, मग त्याचा एकेक कोपरा मोजायचा आणि आकडे एका बोटाने संगणकात टाकायचे. एका यानाला सहा-सात महिने लागत. यानाच्या पोटाखालचे खिळेही ते सोडत नसत. तिथे कोण बघणार, असे मी म्हटले, तर म्हणाले की खिळा आहे, तर काढायचा.

पहिल्याच यानाची गंमत सांगायलाच हवी. आम्ही ते मोठ्या उत्साहाने चालू केले, तर सगळा पडदा करडा. यान कुठेच नाही. दोन दिवस डोके खाजवले. सरांनी जन्मभर मापे मिलिमीटरमध्ये दिली, तशी इथेही दिली होती, आणि संगणक त्यांना मीटर समजला होता. यान हजारपट मोठे झाले होते आणि आम्ही त्याच्या आत बसून त्याला शोधत होतो. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. काकूंना वाटले, काय झाले यांना.

प्रत्येक यानासोबत माहितीची एक फाइल जायची, आणि तिच्यातही सरांची ती चौकट असायची. काढले: रं. गायधनी. तपासले: सुनंदा काठे. पहिल्या दोन यानांचे लोकांनी फार कौतुक केले. तिसरे होते चंद्रावर उतरलेले एक जुने, मानवरहित अमेरिकी यान. त्याचे ड्रॉइंग मला पुण्यातल्या एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकात सापडले होते. मोठे होते, म्हणून झेरॉक्स दोन पानांवर आली. यान पहिल्या पानावर होते, ते मी सरांना दिले. दुसऱ्यावर नुसता कोपरा आणि किरकोळ मजकूर होता. ते घरीच राहिले.

काम संपत आले तेव्हा सरांनी मला विचारले, "सुनंदा, दुसऱ्या पानावर खूण कुठली आहे? ड्रॉइंग तिकडचं, पण पुस्तक आपल्याकडचं. कुणी आपल्या पद्धतीनं पुन्हा काढलं असेल तर?"

तो दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. घरी झेंडूची तोड चालू होती, माझे मन तिकडे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "पाहिलं, सर. आपलीच पद्धत आहे."

मी पाहिले नव्हते. पान आमच्या घरी लोखंडी पेटीत पडले होते. हात घातला असता तर एका मिनिटाचे काम होते.

सरांनी माझ्या शब्दावर सात महिन्यांचे यान जगापुढे ठेवले. आठवड्याच्या आत एका परदेशी गृहस्थाने जुना फोटो टाकून दाखवून दिले की यानाचा माती उकरायचा हात भलत्याच बाजूला आहे. हातच नव्हे, सगळे यानच आरशातल्यासारखे उलटे झाले होते. मग थट्टा सुरू झाली. भारतातून चंद्र उलटा दिसतो का, असेही कुणी विचारले. मी घरी जाऊन पेटी उघडली. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात ती खूण होती, स्पष्ट, अमेरिकी पद्धतीची.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले तोवर त्यांनी उत्तर लिहून टाकले होते. चूक यान काढणाऱ्याची आहे, दुसऱ्या कुणाची नाही, एवढेच. यान त्यांनी इंटरनेटवरून काढून घेतले होते, आणि त्याआधी फाइलच्या चौकटीतून माझे नाव पुसले होते. ती रिकामी जागा पाहून मला वाटले, सरांनी मला कायमचे खोडले. तोंड उघडून खरे सांगायचे सोडून मी चहा घेतला आणि निघून आले. याची आजही लाज वाटते.

पुढची सात वर्षे मी दर गुरुपौर्णिमेला गेले, दर दसऱ्याला घरच्या झेंडूचा हार नेला. आमची आई गेली तेव्हा सर पहाटे पहिल्या रिक्षाने आले आणि दिवसभर वडिलांजवळ बसून राहिले. पण यानांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. संगणकावर काकूंनी विणलेले झाकण असायचे. माझ्यामुळे सरांनी हे काम सोडले, असे समजून मी त्या झाकणाकडे पाहणे टाळत असे.

या लेखासाठी कागद घेऊन बसले, तर 'सरांचे काम निर्दोष' हे वाक्य पुढे सरकेना. शेवटी पेटीतले ते पिवळे पडलेले पान घेऊन पंचवटीत गेले, सरांच्या हातात दिले आणि सगळे सांगितले. सरांनी चष्मा लावून खूण पाहिली.

"तू 'पाहिलं' फार पटकन म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मला तेव्हाच समजायला हवं होतं. नंतर समजलं. हे पान तू आणशील म्हणून थांबलो होतो."

मग त्यांनी काकूंना कपाट उघडायला सांगितले. आत ड्रॉइंगच्या गुंडाळ्या आणि सीड्या होत्या. नऊ याने. या सात वर्षांत सर काम करतच होते. प्रत्येक ड्रॉइंगखाली चौकट, 'काढले'पुढे सरांची सही. 'तपासले'पुढे काही नाही. दुसरा कुणी तपासनीस का नाही बघितला, असे मी रडत रडत विचारले. सर म्हणाले, "तुझं नाव मी त्या यानावरून काढलं. कामावरून कुठं काढलं होतं?"

वाचकहो, मला क्षमा मिळाली म्हणून सगळे गोड झाले असे समजू नका. गेलेली सात वर्षे गेलीच. सरांचा हात आता कापतो, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दहावे यान ते काढू शकणार नाहीत. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या फायली धड उघडत नाही. ज्यांनी कौतुक केले, ज्यांनी थट्टा केली, ते सगळे कधीच पांगले. ही नऊ याने त्यांच्यासमोर वेळेवर जायला हवी होती, आणि ती माझ्या एका शब्दामुळे कपाटात राहिली.

आता दर रविवारी मी सरांकडे बसते. तीन याने तपासून झाली. तिसऱ्यात एका पायाचे माप चुकलेले सापडले, तेव्हा सर इतके खूश झाले की काकूंना त्यांनी शिरा करायला सांगितला. मग एका रविवारी मी विचारले की उरलेली जरा भरभर उरकू का. सर म्हणाले, सावकाश कर, मी आहे.

म्हणून सरांना उत्तम प्रकृतीचे उदंड आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी रीत म्हणून करत नाही. सहा याने अजून सहीवाचून अडली आहेत, आणि मी आता फार हळू तपासते. दोन-दोनदा पाहते, मगच 'पाहिलं' म्हणते. ते ऐकायला सर समोर असले पाहिजेत.