जुन्या जीपचे नवे स्पीकर

माझी जीप वीस वर्षांची. तिला एवढे भारी स्पीकर बसवतात का, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी मोबाईलवर स्पीकरचेच भाव बघत होतो. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि त्या महिन्यात माझ्या डोक्यात फक्त बास होता, म्हणजे गाण्यातला खालचा, घुमणारा आवाज. छातीत दणका बसला पाहिजे, असा.

आधी जीपमध्ये कॅसेटचा टेप होता. चारपैकी एकच स्पीकर चालायचा, तोही खड्ड्यात चाक आपटलं तर. शनिवारी सकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळ एका दुकानापुढं जीप लावली आणि संध्याकाळपर्यंत मी तिथून हललो नाही. मिस्त्रीनं दरवाजे आतून उघडे केले, पत्र्याला डांबरी पट्ट्या चिकटवल्या. "आधी पत्र्याला गप करायचं, मग स्पीकरला बोलू द्यायचं," तो म्हणाला. बॅटरीपासून जाड वायर ओढली, ॲम्प्लिफायरला फ्यूज टाकला, मागच्या सीटखाली बासची पेटी बसवली, पुढं मोबाईलला जोडता येणारा नवा स्टिरिओ. पहिलं गाणं लागलं आणि शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या बरण्या थरथरल्या. मी मिस्त्रीला मिठीच मारली.

"साहेब, शर्टाला ग्रीस लागंल की!"

लागू दे म्हटलं.

रविवारी उजाडताच गावाकडं निघालो. आमचं गाव सांगोल्याकडचं, आम्ही धनगर. सोलापूर सोडल्यापासून आवाज कमी केला असेल तर शपथ. पण मन पूर्ण हलकं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज गेला होता, नुसती कुजबुज उरली होती. साठ मेंढरं त्यांनी आयुष्यभर हाळी देऊन राखली. ती आता कुणाचंच ऐकेनात. आईनं शेवटी व्यापाऱ्याला निरोप धाडला होता, आणि तो त्याच दुपारी यायचा होता. मेंढरं गेली की आबा ओट्यावर बसून झिजतील, ही भीती मला खात होती. उपाय सुचत नव्हता, म्हणून निदान नवे स्पीकर तरी दाखवावेत म्हणून मी चाललो होतो. माझं हे असंच असतं.

गावाच्या अलीकडंच आई दिसली. पदर खोचून धावत होती. मेंढरं शेजाऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत घुसली होती, आणि बांधावर आबा तोंड उघडून उभे होते. मान ताणलेली, शिरा फुगलेल्या, आवाज मात्र नाही. मला ते बघवेना.

एकदम आठवलं. गेल्या वर्षी मी मोबाईलवर आबांचा व्हिडिओ काढला होता, संध्याकाळी कळप बोलावतानाचा. जीप बांधाला लावली, चारी दरवाजे उघडले, आवाज पूर्ण वर. बासही अर्थातच पूर्ण वर. एवढा हौसेनं बसवलेला! हाळी गडगडत बाहेर पडली. मेंढरं जागच्या जागी थबकली, आणि जी उधळली ती थेट बागेच्या मधोमध.

आबांनी बॉनेटवर काठी आपटली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"त्ये ढमढम काढ," ते कुजबुजले. "आभाळ गडगडल्यावानी वाटतंय त्यास्नी. माजा आवाज बारीक हाय की."

ज्याच्यासाठी महिनाभर जीव टाकला होता, तो बास मी शून्यावर आणला. आबा बोटानं खुणावत राहिले, अजून बारीक, अजून. मग त्यांनी मान हलवली. मी पुन्हा लावलं.

"हिर्रर्र ह्योऽऽ... ह्योऽऽ..."

शिंगवाल्या म्होरक्यानं कान टवकारले. दोन पावलं आला, थांबला, आणि मग धावतच सुटला. मागोमाग सगळा कळप! धूळ उडवत, ब्यां ब्यां करत, साठच्या साठ मेंढरं बांध चढून आली आणि जीपला वेढा घालून उभी राहिली. एक मेंढी तर पाय वर करून सीटवर चढू लागली. मी आनंदानं ओरडलो, शिट्ट्या मारल्या, उड्याही मारल्या. असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

आई बांधावर टेकली. दम खात म्हणाली, "त्या येपाऱ्याला फोन लाव. येऊ नगं म्हनावं."

मी लगेच लावला. बोलून वळलो तर आबा मेंढरांतून वाट काढत जीपमध्ये येऊन बसले होते. व्हिडिओ संपला होता. त्यांनी स्टिरिओकडं बोट केलं.

"पुन्यांदा लाव."

"आता कशाला आबा? आली की सगळी."

"मेंढरांसाटी न्हाय रं," ते म्हणाले.