मागच्या सालाचा अंदाज

आधी माफी मागतो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण लिहिण्याचा अधिकार त्यानं येतो असं नाही. वामनदादावर त्याच्यासोबत राहिलेल्या कुणीतरी लिहायला हवं होतं. मी तर... असो.

दादा माझा चुलतभाऊ, जऊळक्याचा. शेती करायचा आणि पोहरादेवीच्या जत्रेत हरवलेल्या माणसांच्या मंडपात हौसेनं भोंग्यावरून नावं पुकारायला बसायचा. एका वर्षी मीही सोबत होतो. एक म्हातारा घाबरून आला. "बायको हरपली. लाल लुगडं हाय."

"बुवा, लाल लुगड्यात अर्धी जत्रा हाय! गाव सांगा."

म्हातारा धनजचा निघाला. "मंग सोपं हाय, धनजचे लोक कमीच येतात," म्हणत दादा तिकडच्या गाड्यांकडे गेला. पण त्या साली अर्धं धनज लोटलं होतं. बाई सापडली ती दिवे लागल्यावर, आणि दादालाच रागावली, "जत्रेत चष्मेवाली बुढी मी एकटी! थे नाही सांगतलं काय ह्या बुढ्यानं?"

पुढे नागपूरला कॉलेजात सरांनी संगणकाबद्दल शिकवलं, तेव्हा मला दादाच आठवला. माहितीचे मोठे तक्ते असतात. प्रश्न विचारला की यंत्र आधी अंदाज बांधतं, कोणत्या अटीला किती ओळी जुळतील. जिथं कमी जुळतील तिथून शोधायला लागतं. पण दरवेळी मोजत बसत नाही, मागे मोजून ठेवलेल्या आकड्यांवर चालतं. आकडे जुने झाले की लांबची वाट धरतं. उत्तर बरोबरच येतं, फक्त उशिरा.

दिवाळीत हे दादाला सांगितलं. तो पोट धरून हसला. "म्हंजे तुयं मशीन आन मी सारकेच की रे! दोघंबी मागच्या सालावर चालतो."

दिवाळीनंतर मी होस्टेल सोडलं. यंत्रावर पहाटेची वेळ मिळायची म्हणून कॉलेजजवळ मित्राच्या खोलीत राहायला गेलो. घरी कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. होळीला जाऊ तेव्हा सांगू, असं म्हणत राहिलो...

थंडी संपता संपता दादाला कावीळ झाली आणि ती वाढत गेली. त्यानं मला बोलावलं. त्याचा धाकटा भाऊ सुखदेव मला न्यायला निघाला आणि सरळ होस्टेलवर गेला. माझ्या जुन्या खोलीला कुलूप होतं. बाहेर गेला असेल, येईलच, म्हणून तो दिवसभर पायरीवर बसून राहिला. मी तिथं राहत नाही हे संध्याकाळी कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत तो यंत्राच्या खोलीपर्यंत पोचला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"कुठी होता रे तू? दादा बलावून राह्यला ना."

मिळेल त्या गाडीनं निघालो. अकोल्याला गाडी बदलली. सगळ्या वाटेत सुखदेव दर स्टेशनाला दारात जाऊन उभा राहायचा.

सकाळी जऊळक्याच्या फलाटावर शेजारचे तुळशीरामकाका उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"काका, दादा कसा हाय?"

ते म्हणाले, "लय वाट पाह्यली रे त्यानं. म्हणे, होस्टेलातच तर हाय तो, सुखदेव गेला का घेऊनच येते... काल दुपारी गेला."