एकसष्टावा ठोका

नव्वदच्या आसपासची गोष्ट. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या ऑफिसात दारावर कार्ड सरकवलं, की कोण किती वाजता आलं ते कॉम्प्युटर टिपून ठेवायचा. प्रोग्राम माझा. वेळ मात्र रेडिओच्या सिग्नलवरून यायची: सेकंदाला एक ठोका, मिनिटाला साठ. एखादा ठोका जास्त आला तर सिग्नल बिघडला समजून थांबायचं, ही अटही माझीच, आणि मला तिचा भारी अभिमान होता.

एक जुलैला सकाळीच मला घाईने बोलावलं. कॉम्प्युटर अडून बसला होता, वेळ हाताने घाला म्हणत होता. मी मनगटाकडे बघून वेळ घातली आणि कारण शोधायला बसले. रात्री एक वाजायच्या आधीच्या मिनिटात चक्क एकसष्ट ठोके आले होते! सिग्नल ठणठणीत होता. पृथ्वी फिरताना जराशी रेंगाळते, म्हणून अधूनमधून घड्याळात एक सेकंद वाढवतात. तसं कळवणारं पत्रक महिनाभर माझ्याच टेबलावर लोळत होतं. मला इतकी मौज वाटली, की जेवायचंही भान राहिलं नाही. एवढी मोठी पृथ्वी, आणि तिलाही उशीर होतो!

दुपारी चहाला गेले, तर कँटीनमध्ये काम करणाऱ्या मावशी डोळे पुसत होत्या. मूळच्या नागपूरच्या, ऑफिसात मराठी बोलायला मला तेवढ्याच.

"तिसरं लेट लागलं गं. फ्रायडेनंतर येऊ नका म्हणाला सुपरवायझर."

"किती उशीर झाला?"

"चार मिनिटं."

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची माझ्या माहेरची रीत. तेच घड्याळ बघून मी सकाळी वेळ घातली होती. म्हणजे मावशी मिनिटभर आधीच आल्या होत्या. एका सेकंदाचं कोडं सोडवण्याच्या नादात मी पाच मिनिटांचा घोळ घालून बसले होते. स्वतःचा इतका राग आला, की चहा तसाच टाकून सुपरवायझरकडे गेले आणि चूक कबूल केली. तो आधी हसला, मग त्याने लेट खोडलं.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"माझ्या घड्याळात टाइम बरोबर होता. आत येताना बघितला होता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"कॉम्प्युटरसमोर माझं कोण ऐकणार? मलाच वाटलं, आपलं चुकलं." त्यांनी मनगट माझ्यापुढे धरलं. "लंचला मी माझंच घड्याळ पुढे करून टाकलं."